निर्यातीच्या द्राक्षाला नियमांचा खर्च किती येतो?

ऑक्टोबर छाटणी उरकली की आमच्या दिंडोरी-निफाड पट्ट्यात एक प्रश्न हमखास कानावर येतो. "यंदा युरोपला माल द्यायचा म्हणतोय. नोंदणीला किती लागतात?" उत्तर सोपे आहे. अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीत बागेची नोंद कृषी खात्यामार्फत होते आणि तिचे शुल्क प्लॉटमागे 50 रुपये आहे. सोबत विहित अर्ज, सातबारा, बागेचा नकाशा आणि कृषी खात्याच्या माणसाने बाग बघून भरलेला 4-अ तपासणी अहवाल लागतो. एवढेच? म्हणून विचारणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. मग मी त्याला चहाला बसवून घेते, कारण खरा हिशोब त्या 50 रुपयांच्या पावतीनंतर सुरू होतो आणि तो आत्ता कळला नाही तर फेब्रुवारीत फार महागात पडतो.

मी आमच्या गटातल्या 25 बागांच्या नोंदी ठेवते. घरची बागही त्यातच आहे. फवारणीचे दीर बघतात, वही माझ्याकडे असते. सरकारी शुल्क जिथे ठरलेले आहे तिथे तो आकडा दिला आहे. जिथे दर प्रयोगशाळेगणिक किंवा कंपनीगणिक बदलतो, तिथे हिशोबाची रीत दाखवली आहे. तुमच्या हातातल्या दरपत्रकाचा आकडा तिथे घाला आणि मग ठरवा.

ही तपासणी कशासाठी

2003 मध्ये आपल्या द्राक्षांत मेथोमिल आणि ॲसिफेट या कीटकनाशकांचे अंश नेदरलँड्समध्ये सापडले आणि माल अडला. त्यानंतर अशा अंशांवर, म्हणजे रेसिड्यूवर, लक्ष ठेवण्याची सरकारी योजना आली आणि 2006 मध्ये ग्रेपनेट आले. पुढे 2010 चा हंगाम आला, तो आमच्या भागात अजून कुणी विसरलेले नाही. क्लोरमेक्वाट क्लोराइड, ज्याला आम्ही सीसीसी किंवा लिहोसीन म्हणतो, ते युरोपच्या 0.05 या मर्यादेपेक्षा जास्त निघाले. कंटेनर तिकडच्या बंदरांत अडकले आणि शेतकऱ्याचे पैसेही अडकले. हे औषध फळावर मारलेलेच नव्हते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर फुटव्यांची वाढ रोखायला वापरलेले औषध वेलीत राहिले आणि पुढच्या फळात उतरले. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत त्याचे नाव नव्हते, त्यामुळे इथे 'पास' झालेला माल तिथे फेल ठरला. एप्रिलच्या फवारणीचीही नोंद ठेवा असे मी का बजावते, ते यावरून लक्षात यावे.

मर्यादा म्हणजे एमआरएल. ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याला युरोपात 0.01 मिलिग्रॅम प्रति किलो हा नियम लागतो. हा आकडा डोळ्यांपुढे यावा म्हणून सांगते. एकरी 10 टन धरले तर 10 एकरांचा सगळा माल 100 टन होतो. त्या 100 टनांत मिळून 1 ग्रॅम औषध, म्हणजे ही मर्यादा.

तपासणीचा खर्च किलोवर काढा

माल तोडण्याआधी नोंदणी झालेल्या प्रत्येक प्लॉटचा नमुना अपेडाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत तपासला जातो. या प्रयोगशाळांवर पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातली राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा देखरेख ठेवते. नमुना आपण नेऊन द्यायचा नसतो. प्रयोगशाळेचा माणूस बागेत येतो, ओळींमधून तिरका फिरतो, उन्हातला घड, पानाआडचा घड, टोकाच्या वेलीचा, मधल्या वेलीचा असे निवडून कापतो, पाचेक किलो माल पिशवीत भरतो, सील लावतो आणि आपली सही घेतो. तो फिरत असताना त्याच्याबरोबर फिरा. रस्त्याकडेच्या एकाच ओळीतून भरलेली पिशवी तुमच्या बागेची नसते.

तपासणीचा दर हजारांत असतो. किती घटक तपासायचे आणि अहवाल किती लवकर हवा, त्यावर तो बदलतो. हिशोबाला सोपे पडावे म्हणून 10,000 रुपये धरू. एक एकराच्या प्लॉटमधून निर्यातीचा 8 टन माल निघाला, तर किलोमागे सव्वा रुपया पडला. 20 गुंठ्यांच्या प्लॉटमधून 4 टन निघाला, तर तोच खर्च अडीच रुपये झाला. अडीच एकरांतून 20 टन निघाला, तर 50 पैसे. नियम सगळ्यांना सारखा असला तरी भार सारखा पडत नाही. लहान बागायतदाराच्या खिशाला तो पाचपट लागतो, आणि धोरण ठरवणाऱ्यांनी ही गोष्ट मनावर घ्यावी असे मला कळकळीने वाटते. तोवर आपल्या हातात एक उपाय आहे. सलग बाग असेल, वाण एकच असेल, छाटणी एकाच वेळची असेल आणि फवारणीही एकच असेल, तर ती एक प्लॉट म्हणून नोंदवता येते का, हे अर्ज भरतानाच कृषी सहायकांना विचारा. पोरांच्या नावे दोन सातबारे आहेत म्हणून सवयीने दोन अर्ज भरू नका.

अंदाजपत्रकात मात्र प्लॉटमागे दोन तपासण्या धरा. नमुना दिल्यावर फवारणी करायची नसते. पण जानेवारी-फेब्रुवारीत अवकाळी पाऊस झाला आणि घडावर डाऊनी दिसू लागली, तर फवारणी करावीच लागते, आणि केली की आधीच्या अहवालाला अर्थ उरत नाही. पुन्हा नमुना, पुन्हा पैसे. हा खर्च हिशोबात धरलेला नसला की माणूस नको ते धाडस करतो.

आमचा प्लॉट फेल झाला तेव्हा

तीन हंगामांपूर्वी आमचा एक एकराचा प्लॉट फेल झाला. अहवालात क्लोरपायरीफॉस 0.04 आले. युरोपात त्याची मर्यादा नोव्हेंबर 2020 पासून 0.01 आहे. माझ्या वहीत हे औषध वर्षभरात कुठेच नव्हते. मी भाऊजींसमोर वही ठेवली. "वहिनी, आपण ते मारलंच नाही," ते म्हणाले, आणि खरेच मारले नव्हते. दोन दिवस डोके खाजवल्यावर आठवले. नमुन्याच्या तीन आठवडे आधी आमच्या ब्लोअरचा पंप गेला होता, तेव्हा शेजाऱ्यांचा ब्लोअर आणून भुरीची एक फवारणी उरकली होती. तो ब्लोअर आदल्या दिवशी त्यांच्या टोमॅटोत चालला होता.

"टाकी धुतली होती ना?"

"दोनदा धुतली. गाळणी उघडली नव्हती."

मी शेजाऱ्यांकडे जाऊन ती गाळणी उघडून पाहिली. जाळीला पांढरट साय धरली होती, बोटाने खरवडली तर नखात येत होती. तेवढ्याने 8 टन माल अडला. फेल अहवाल आला की त्या प्लॉटवर प्रणालीत सूचना लागते आणि ती उठेपर्यंत तिथला माल युरोपला जात नाही. आम्ही थांबलो असतो तर मणी वेलीवरच मऊ पडले असते, म्हणून जागेवरच्या व्यापाऱ्याला दिला. त्या आठवड्यात निर्यातीच्या आणि जागेवरच्या दरात किलोमागे 30 रुपयांचा फरक होता. 8,000 किलोंना 2 लाख 40 हजार रुपये. शेजाऱ्यांचा यात काडीचा दोष नव्हता. अडीनडीला त्यांनी आपले यंत्र दिले होते. तपासून घ्यायचे काम आमचे होते.

तेव्हापासून आमच्या गटात एक शिरस्ता आहे. निर्यातीच्या बागेचा ब्लोअर दुसऱ्या पिकात जात नाही आणि बाहेरचा आणावाच लागला, तर गाळणी, नोझल आणि पाइप उघडून धुतल्याशिवाय त्यात औषध पडत नाही. वेळ अर्धा तास लागतो.

छाटणीपासूनच करायचा खर्च

सगळ्यात आधी वही घ्या. जाड पुठ्ठ्याची, रेघांची, दुकानात मिळते तीच. प्रत्येक प्लॉटला वेगळी. त्यात तारीख, औषधाचे व्यापारी नाव, त्यातला मूळ घटक, बॅच क्रमांक, एकरी मात्रा, किती लिटर पाण्यात, कशासाठी मारले, कुणी मारले आणि तोडणीआधी किती दिवस थांबायचे, म्हणजे पीएचआय, हे लिहायचे. संध्याकाळी आठवून लिहू म्हटले की बॅच क्रमांक गेलाच समजा. रिकामा डबा समोर असतानाच लिहा. बिघडलेला ब्लोअर, आणलेला ब्लोअर, शेजारच्या शेतातून वाऱ्याने आलेला फवारा, हेही लिहा. आमच्या वहीत त्या वर्षी हेच नव्हते.

दुसरे, द्राक्ष संशोधन केंद्र दर हंगामाला परिशिष्ट 5 नावाची यादी काढते. द्राक्षावर कोणते औषध चालते, त्याची युरोपची मर्यादा किती, किती दिवस आधी बंद करायचे, सगळे तीत असते. ती फुकट मिळते. मोबाइलमध्ये ठेवून भागत नाही. मोठ्या अक्षरांत छापून औषधांच्या खोलीच्या दाराला आतून चिकटवा. मागच्या वर्षीची फाडून टाका, कारण मर्यादा बदलत राहतात. गेल्या वर्षी चाललेले औषध यंदा चालेलच असे नाही. कृषी सेवा केंद्रातला माणूस चांगला असला तरी त्याच्या डोक्यात सगळी पिके आणि सगळे बाजार असतात. यादी आपणच बघायची.

तिसरे, पक्के बिल. 'टॉनिक', 'मणी फुगवण', 'खास जैविक' अशा नावांच्या बाटल्या, ज्यांच्यावर घटक नीट छापलेले नाहीत आणि दुकानदार ज्यांचे बिल देत नाही, त्या निर्यातीच्या बागेत आणू नका. अशा बाटल्यांत कीटकनाशक मिसळलेले निघाल्याची उदाहरणे आहेत. फवारणारा निर्धास्त असतो आणि अहवालात ते नाव उमटते. बायोस्टिम्युलंट 2021 पासून खत नियंत्रण आदेशाखाली आले आहेत, म्हणजे बाटलीवरचा तपशील मागणे हा आपला हक्क आहे.

शंका असलेल्या प्लॉटची अधिकृत नमुन्याआधी खासगीत एक तपासणी करून घ्यायची का? माझे मत असे की बाहेरचे यंत्र वापरले असेल, शेजारी टोमॅटो किंवा भाजीपाला असेल, किंवा बाग नव्यानेच कसायला घेतली असेल, तर जरूर करा. 10,000 खर्चून 2 लाख 40 हजारांची खबर आधी मिळत असेल तर ते पैसे वाया गेले नाहीत. एरवी वही चोख असेल तर गरज नाही.

ग्लोबलगॅप : एकट्याने की गटाने

युरोपातल्या सुपरमार्केटांना सरकारी नियम पुरत नाहीत. बहुतेकांना ग्लोबलगॅप प्रमाणपत्र हवे असते. काही साखळ्या तर कायद्याच्या मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेच अंश चालवून घेतात आणि एका घडात किती औषधांचे अंश असावेत यावरही आकडा घालतात. म्हणून निर्यातदाराला पहिल्याच भेटीत विचारा की माल कोणत्या देशात आणि कोणत्या अटींवर जाणार आहे. 'युरोप' एवढे उत्तर पुरेसे नाही.

प्रमाणपत्र वर्षभराचे असते, म्हणजे हा खर्च दरवर्षी आहे. एकट्याने घेतले तर तपासनिसाचा दिवस, प्रवास, मुक्काम आणि संस्थेचे शुल्क सगळे आपल्या माथी. गटाने घेतले तर बाहेरचा तपासनीस सगळ्या बागा बघत नाही, सभासदसंख्येच्या वर्गमुळाइतक्या बघतो. आमच्या 25 जणांत 5. 36 असते तर 6. समजा एकूण बिल दीड लाख आले, तर माणशी 6,000 रुपये. मात्र गटाला आपली अंतर्गत तपासणी करावी लागते, ती सगळ्यांची आणि दरवर्षी. ते काम करणाऱ्याला मानधन द्या. फुकटात केलेली अंतर्गत तपासणी मी पाहिली आहे. ओट्यावर बसून 25 फॉर्म भरले जातात आणि एका सभासदाच्या गाफीलपणामुळे सगळ्यांचे प्रमाणपत्र टांगणीला लागते.

बांधकामाचा खर्च एकदाचा आहे. औषधांसाठी कुलूप लागणारी, हवा खेळती असलेली वेगळी खोली, ओलावा न शोषणारी मांडणी, पावडर वरच्या फळीवर आणि द्रव खालच्या फळीवर, म्हणजे बाटली गळली तरी पावडरीवर पडत नाही. मापाचे भांडे, काटा, सांडल्यास टाकायला वाळूची बादली. हे बहुतेकांना जुन्या पंपघरात जमते. पाण्याची आणि मातीची तपासणी, प्रथमोपचार पेटी, फवारणाऱ्याचे हातमोजे, गॉगल, मास्क, ॲप्रन हेही धरा. ॲप्रन दोन घ्या, एक वाळत असताना दुसरा हवा.

एका खर्चाबद्दल जरा थांबून बोलते. तोडणीला आमच्याकडे सुरगाणा, पेठ भागातून बायामाणसे येतात. निर्यातीचा घड बागेतून पॅकहाउसला आणि तिथून थेट डब्यात जातो, वाटेत कुणी धूत नाही. म्हणजे त्या बाईचा हात आणि खाणाऱ्याचे तोंड यांत काहीच नाही. नियमात शौचालय, हात धुवायला पाणी आणि साबण लिहिले आहे, आणि पुष्कळ बागांत तपासणीच्या दिवशी एक नवी साबणाची वडी दिसते. शेडमागच्या शौचालयापर्यंत बागेच्या टोकाहून चालत जायला दहा मिनिटे लागत असतील, तर कोण जाईल? कामाच्या हिशोबाने मजुरी असेल तर मग नाहीच. आम्ही छोट्या ट्रॉलीवर पत्र्याचे फिरते शौचालय केले, त्याला बाहेरून पाण्याची टाकी आणि नळ लावला. तोडणी जिथे चालते तिथे ती ट्रॉली उभी असते. पहिल्या दिवशी एक आजी म्हणाल्या, "ताई, पंधरा वर्षं द्राक्षं तोडते, पाणी पहिल्यांदा माझ्याजवळ आलं." मला आधी का सुचले नाही याची लाज वाटली. खर्च पाच जणांत वाटला गेला. प्रमाणपत्र नसते तरी तो करायलाच हवा होता.

गावच्याच बाजारात विकणाऱ्यांसाठी

निर्यात करायची नसेल तर यातले काय लागू आहे? अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 च्या कलम 18 नुसार शेतावर पिकवलेल्या मालासाठी शेतकऱ्याला हा कायदा लागू नाही. परवाना किंवा नोंदणी लागत नाही. कुणी एजंट 'शेतकऱ्याचे फूड लायसन्स' म्हणून पैसे मागत असेल तर देऊ नका. मात्र बेदाणा करून स्वतःच्या नावाच्या पाकिटात विकायला लागलात की तुम्ही अन्न व्यावसायिक झालात. 2011 च्या नियमावलीने छोट्या व्यवसायाला नोंदणी ठेवली, तिचे शुल्क वर्षाला 100 रुपये ठरवले आणि 12 लाखांच्या वरच्या उलाढालीला परवाना सांगितला. अर्ज अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या फॉस्कॉस संकेतस्थळावर होतो. भरण्याआधी तिथला चालू दर आणि चालू मर्यादा पाहून घ्या. बेदाण्याच्या यंत्रांना प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेतून 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाखांचे अनुदान ठेवले होते; ते आता चालू आहे का, हे आधी विचारून घ्या.

देशातल्या बाजाराला रेसिड्यूचा नियम नाही, हा मात्र गैरसमज आहे. आपल्याकडेही मर्यादा आहेत आणि जिथे वेगळी ठरलेली नाही तिथे 0.01 च आहे. भाजीपाल्यावर मोनोक्रोटोफॉसला 2005 पासून बंदी आहे. नाशिकच्या माणसाच्या ताटातल्या टोमॅटोला रॉटरडॅम बंदराला जाणाऱ्या द्राक्षाइतकी तपासणी मिळत नाही, याचे मला वाईट वाटते. त्यामुळे घरच्या बाजारासाठीही वही ठेवाच.

कोणाचा खर्च कोण देणार, ते लिहून घ्या

हंगामाच्या आधी निर्यातदाराचा माणूस बांधावर येतो, बाग बघतो, दर बोलतो. तपासणीचे काय, असे विचारले की "ते आम्ही बघू" म्हणतो. ते वाक्य कागदावर नसते. माझ्या माहितीत पुष्कळ वाद दरावरून झाले नाहीत, पट्टीतल्या कपातींवरून झाले. म्हणून नमुन्याआधी एका कागदावर एवढे घ्या : पहिल्या तपासणीचे पैसे कोण देणार, पाऊस झाल्याने दुसरी करावी लागली तर कोण, फेल झाल्यास तपासणीचा खर्च शेतकऱ्याच्या पट्टीतून कापणार का, अहवालाची प्रत किती दिवसांत मिळणार, पास झाल्यावर किती दिवसांत माल उचलणार, आणि तिकडे बंदरात माल नाकारला गेला तर नुकसान कुणाचे. शेवटच्या मुद्द्यावर बहुतेक जण गप्प होतात, तिथेच रेटून धरा. अहवालाची प्रत तर हवीच. पास झाला तरी कोणत्या औषधाचे किती अंश निघाले, हे पुढच्या वर्षीच्या फवारणीला उपयोगी पडते.

गेल्या फेब्रुवारीत आमच्या गटातल्या एका मावशींच्या बागेत नमुना दिल्यावर चौथ्या दिवशी पाऊस झाला. फवारणी करावी लागली, दुसरा नमुना गेला, माल वेळेत उचलला गेला. पट्टी आली तेव्हा तिच्यात दोन्ही तपासण्यांचे पैसे कापलेले होते. मावशींनी पिशवीतून वहीच्या पानावर लिहून घेतलेला, निर्यातदाराच्या माणसाची सही असलेला कागद काढला. 'पावसामुळे दुसरी तपासणी झाल्यास खर्च खरेदीदाराचा.' आठ दिवसांनी ती रक्कम त्यांच्या खात्यात जमा झाली.